पलीकडच्या चिंचवाडीच्या बाई

“बाई, तुमच्या डब्यात भुंगा शिरलाय काय?” ऐवळे गुरुजींनी विचारलं.

माझी पर्स खुर्चीच्या पाठीला लटकत होती. पर्समध्ये स्टीलचा डबा, डब्याला खेटून फोन, आणि आवाज बंद केलेला तो फोन डब्यावर घर्र घर्र करत होता.

“झाकण सैल झालंय, गुरुजी.”

“झाकण असं वाजतंय व्हय?” म्हणून त्यांनी पुन्हा आपल्या फोनात डोकं घातलं.

मधली सुट्टी होती. मुलं खिचडी खाऊन लिंबाखाली धुडगूस घालत होती. आमची शाळा दोन शिक्षकी. गुरुजी मुख्याध्यापक, आणि उरलेली सगळी शाळा म्हणजे मी. गुरुजी एका बोटानं टाइप करत होते आणि प्रत्येक अक्षराला त्यांचे ओठ हलत होते. मधेच मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि फोन जरा तिरका धरायचे. शेवटी त्यांनी बटण दाबलं, टॉवेलनं कपाळ पुसलं आणि हुश्श केलं. त्याच क्षणी माझा डबा पुन्हा वाजला.

मी पर्स घेऊन वर्गात गेले आणि फोन उघडला.

‘आदरणीय मंदाकिनी बाई, सप्रेम नमस्कार. आपण ग्रुपवर बिनधास्त प्रश्न विचारता. माझा एक प्रश्न आपल्या नावाने विचाराल का? भागाकारात वरचा अंक खाली का घ्यायचा? चौथीतल्या एका मुलीने विचारले. मी म्हणालो, तशी पद्धत आहे. ती म्हणाली, कुणी पाडली? तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. कृपया माझे नाव कुणास कळू देऊ नये. विशेषतः आमच्या शाळेतल्या शेंडगे बाईंना. त्या जिल्ह्यात पहिल्या आलेल्या आहेत.’

शेंडगे बाई म्हणजे मी. आणि मंदाकिनी बाई म्हणजेही मीच.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते. म्हणजे काम शिक्षकाचं आणि मान उमेदवाराचा. तीन वर्षं नीट पार पडली की कायम करतात. माझं तिसरं वर्ष चाललं होतं आणि जूनच्या आत विस्तार अधिकारी माळवदे साहेबांचा चांगला शेरा मिळायला हवा होता. नाही मिळाला तर काय, तेही घरी ठरलेलं होतं. मामांनी खतांच्या दुकानाचा एक मालक माझ्यासाठी तयार ठेवला होता. माणूस वाईट नव्हता, पण मला पाहायला आला तेव्हा त्यानं पूर्ण वेळ युरियाच्या टंचाईबद्दल सांगितलं होतं.

त्याच सुमाराला साहेबांनी तालुक्यातल्या शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. एकमेकांकडून शिकावं, अडचणी मांडाव्यात, असा उदात्त हेतू. त्यांनी लिंक पाठवली आणि अडीचशे शिक्षक आत शिरले. त्यानंतर तिथं एकच गोष्ट चालली. कुणीतरी मुलांना आकड्यांच्या आकारात उभं करून फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या टाकायच्या. ‘खूप छान उपक्रम, सर.’ ‘प्रेरणादायी, मॅडम.’ सगळ्यात जास्त टाळ्या पोतनीस मॅडमना. त्यांना जिल्ह्याचा पुरस्कार होता आणि त्यांच्या शाळेत म्हणे बादलीवरसुद्धा सुविचार लिहिलेला होता. एकदा एका सरांनी चुकून गॅस सिलिंडरच्या बुकिंगचा मेसेज ग्रुपवर टाकला. त्यालाही ‘अनुकरणीय’ अशी उत्तरं आली.

अडचण मात्र एकानंही मांडली नाही. अडीचशे जणांत कुणाला काही अडतच नव्हतं.

मला अडत होतं. माझी पहिलीची मुलं ‘क’ म्हणायची, ‘म’ म्हणायची, ‘ळ’ म्हणायची. तिन्ही मिळून काय झालं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघायची. दिवाळी झाली, संक्रांत आली, कमळ काही होईना. ग्रुपवर विचारावं, तर रुजू झाले त्याच दिवशी साहेबांनी भर सभेत माझा डी.एड.चा नंबर सांगून ठेवला होता. तेव्हापासून मला काही अडेल यावर कुणाचाच विश्वास नव्हता. मी पहिलीच्या कमळाला अडलेय असं लिहिलं असतं, तर साहेबांचा शेरा मला घरबसल्या कळला असता.

म्हणून आईच्या नावावरचं एक जुनं सिम आणि चुलतभावानं टाकून दिलेला फोन घेऊन मी मंदाकिनी टिळेकर जन्माला घातल्या. फोटोत जास्वंदीचं फूल. शाळा: पलीकडची चिंचवाडी. आमच्या तालुक्यात खालची, वरची आणि मधली अशा तीन चिंचवाड्या आहेतच. चौथी असली तर ती शेजारच्या केंद्रात असणार, असं प्रत्येकाला वाटेल, याची मला खात्री होती. तसंच झालं.

मंदाबाईंनी आल्या आल्या कमळाचा प्रश्न टाकला. ‘मुलांना अक्षरे येतात, शब्द येत नाही. मला काही सुचत नाही. मदत करा.’

ग्रुपवर सन्नाटा. अर्धा दिवस कुणी टाळीसुद्धा वाजवेना. ‘मला सुचत नाही’ हे वाक्य तिथं पहिल्यांदाच आलं होतं. मग डोंगराकडच्या एका शाळेतल्या लवटे सरांनी लिहिलं, ‘बाई, फळा पुसून टाका. आधी तोंडानं खेळा. तुम्ही तोडून बोला, पोरांना जोडू द्या. पा... णी कोण आणतंय? ख... डू कुठंय? कानाला जोडायची सवय झाली की डोळ्याला होते.’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात म्हणाले, “आज मला कोण देणार... ख... डू?”

मग मागून एक चिमणा आवाज आला, “खडू!” आणि पाठोपाठ सगळा वर्ग खडू आणायला माझ्या अंगावर. आठवड्याभरात ती एकमेकांशी तसंच बोलायला लागली. “ए, ढ... क... लू नको!” मी बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले. खरंच पुसले. आणि मंदाबाईंच्या फोनवरून लवटे सरांना जास्वंदीची सगळी फुलं पाठवली.

त्यानंतर मंदाबाईंना चटकच लागली. त्या मनमोकळेपणानं अडाणी होत्या आणि तालुका त्यांना शिकवायला धावत होता. आपल्याहून कमी येणारं कुणीतरी भेटलं की माणसं किती उदार होतात! पण खरी गंमत पुढंच होती. मंदाबाईंना गुपचूप मेसेज यायला लागले. ‘बाई, एवढं विचारा ना. माझं नाव नको.’ एकाला नकाशावरचं प्रमाण कळत नव्हतं. एकीला इंग्रजीची कविता म्हणताना घाम फुटायचा. आणि एक दिवस चक्क पोतनीस मॅडम: ‘मी वर्गात गेले की मुले हसायची थांबतात. त्यांना माझी भीती वाटते का? हे कसे विचारावे कळत नाही. तुम्हीही विचारू नका. नुसते तुम्हाला सांगितले.’

त्या रांगेत आता आमचे गुरुजी येऊन बसले होते.

मी तो भागाकाराचा प्रश्न टाकला. संध्याकाळपर्यंत लवटे सरांचं उत्तर आलं. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या करा. आधी जुड्या वाटा. जी जुडी वाटता येत नाही, ती सोडा आणि सुट्या काड्यांत मिसळा. ते मिसळणं म्हणजेच अंक खाली घेणं.

तसं उत्तर मलाही ठाऊक होतं. पण गुरुजींनी मला विचारलं कुठं होतं?

सकाळी गुरुजी बगलेत तुरकाठ्यांचा भारा मारून आले. “बाई, रात्री पडल्या पडल्या एक कल्पना सुचली.”

“तुम्हाला?”

“मग काय शेजाऱ्याला? माजी सोताची हाय.”

चौथीच्या वर्गात त्यांनी जुडी सोडली, काड्या मिसळल्या आणि ती ‘कुणी पाडली’ म्हणणारी मुलगी ओरडली, “म्हंजी खाली न्हाई घेतलं, मोडून दिलं!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. दारातून मीही वाजवल्या. गुरुजी लाजून काड्या गोळा करत राहिले. इतक्या वर्षांची त्यांची नोकरी, पण त्या दिवशी ते पहिल्यांदाच सुट्टी झाल्यावरही वर्गात रेंगाळले.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग माळवदे साहेबांनी ग्रुपवर जाहीर केलं: येत्या शिक्षण परिषदेत सर्वांत सक्रिय सदस्य श्रीमती मंदाकिनी टिळेकर यांचा शाल देऊन सत्कार.

मंदाबाई तातडीनं आजारी पडल्या. ‘कंबर धरली आहे, क्षमस्व.’ साहेबांचं उत्तर आलं, ‘काळजी घ्या.’ मला वाटलं, सुटले. उलट मी आणखी एक शहाणपणा ठरवला. सत्काराच्या ऐन वेळी सभागृहात बसूनच मंदाबाईंकडून आभाराचा मेसेज टाकायचा. म्हणून तो फोन पर्समध्ये, डब्याशेजारी, सोबत घेतला.

परिषद हायस्कूलच्या हॉलमध्ये होती. अडीचशे माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली. मी आणि गुरुजी दुसऱ्या रांगेत, माझी पर्स आमच्या दोघांच्या मधे, बाकाच्या खिळ्याला अडकवलेली. व्यासपीठावर साहेब आणि पोतनीस मॅडम. माळवदे साहेब कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच लोक त्यांना घाबरत.

“सत्कारमूर्ती आजारी आहेत,” साहेब माइकवर म्हणाले. “म्हणून मीच काल त्यांना भेटायला निघालो. खालची चिंचवाडी झाली. वरची झाली. मधली झाली. मग पलीकडे गेलो.” ते थांबले. “पलीकडे कर्नाटक लागलं.”

हॉल हसला. साहेब हसले नाहीत.

“तालुक्यात अशी शाळा नाही आणि अशी बाईही नाही. म्हणजे ही व्यक्ती इथेच बसली आहे. खोट्या नावानं. आता मी हा नंबर लावतो. ज्यांच्याकडे वाजेल त्यांनी उभं राहायचं. बाकीचं मी माझ्या शेऱ्यात बघतो.”

मला डोळ्यांपुढे युरियाची पोती दिसली. साहेबांनी फोन कानाला लावला.

घर्र. घर्र. घर्र.

पर्सला हात लावावा तर साहेबांची नजर पहिल्या दोन रांगांवरच. न लावावा तर डबा ताशासारखा वाजतोय. पुढच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या. आणि शेजारी ऐवळे गुरुजींनी कान टवकारले.

“भुंगा,” ते हळूच म्हणाले.

त्यांनी पर्सकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“बाई... ते जुडी सोडायचं... तुम्हास्नी ठावं हुतं?”

“हो, गुरुजी.”

“आन् कुणी विचारलं, ते बी?”

“हो.”

“आन् दारात हुबं ऱ्हाऊन टाळ्या वाजवल्या?”

“त्या खऱ्या होत्या, गुरुजी. शपथ.”

घर्र. घर्र. साहेब पायरी उतरून पहिल्या रांगेशी आले. गुरुजींचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. मला वाटलं, आता हे उभे राहणार आणि माझा निकाल लागणार. गुरुजींनी आपला फोन काढला, बाकाखाली धरला आणि त्यांच्या त्या एका बोटानं कुणाचा तरी नंबर दाबला.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोंबडा आरवला. तो लवटे सरांचा फोन होता. लवटे सर दचकले, स्क्रीनवरचं नाव बघितलं, मान उंचावून गुरुजींकडे बघितलं, मग साहेबांकडे. हुशार माणूस. त्यांनी कोंबडा बंद केला आणि खाली मान घालून स्वतः कुणाला तरी फोन लावला. तिकडं बासरी सुरू झाली. बासरीवाल्यानं आणखी कुणाला लावला.

वर्गात एकाच्या दप्तरात काहीतरी वाजायला लागलं आणि मास्तर शोधायला निघाले, की सगळा वर्ग बाकं बडवायला लागतो. आम्ही सगळ्यांनी जन्मभर हेच पाहिलेलं होतं, फक्त मास्तरांच्या टेबलामागून. आणि त्या हॉलमधल्या निम्म्याअधिक माणसांचं काही ना काही मंदाबाईंच्या फोनात होतं. बघता बघता घंटा, सनई, रडणारं बाळ, रेल्वेची शिटी, सगळं एकदम सुरू झालं. माझा डबा त्यात कुठं हरवला, मलाच कळेना. शेवटी व्यासपीठावर पोतनीस मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो बंद केला नाही. छताकडे बघत शांतपणे माइकसमोर धरला.

साहेबांनी आपला फोन खाली घेतला. हळूहळू सगळे आवाज थांबले.

“कोण?” साहेबांनी विचारलं.

अडीचशे माणसं जमिनीकडे बघत होती. साहेबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, शालीची घडी पिशवीत ठेवली आणि म्हणाले, “चहा घ्या.”

परत येताना एसटीत गुरुजींनी दोघांची तिकिटं घेतली. मीच विषय काढला.

“रागावलात?”

“लाज वाटली, बाई.”

“मी फसवलं म्हणून?”

“त्येचं न्हाई. तुमी समोर बसलेल्या, हाताएवढ्या अंतरावर. आन् मला तुमाला विचाराय चिंचवाडीवरनं जावं लागलं.”

“मलापण, गुरुजी. कमळाचं मी तुम्हालाच विचारायला हवं होतं.”

“मला कुठं येत हुतं!” गुरुजी म्हणाले आणि आम्ही दोघंही इतके हसलो की कंडक्टरनं वळून बघितलं.

“तो फोन बंद करते आता,” मी म्हणाले.

“करा. पर आज नगं.” गुरुजी खाकरले. “लवटेला अपूर्णांकाचं एक विचारायचं ऱ्हायलंय.”

घरी पोचले तोवर मंदाबाईंना मेसेज आलेला होता. नंबर माळवदे साहेबांचा. मी चपला पायात असतानाच तो उघडला.

‘श्रीमती टिळेकर, कंबरेस आराम पडो. एक प्रश्न ग्रुपवर विचारावा. सगळा वर्ग एकदम गप्प बसला आणि एकही मूल तोंड उघडेना, तर शिक्षकाने काय करावे? माझे नाव नको.’

मी पुन्हा पुन्हा वाचलं. हा सापळा असेल, असंही वाटलं. पण मंदाबाईंनी आजवर कुणाचा प्रश्न परत पाठवला नव्हता. मी तो जसाच्या तसा टाकला. उत्तरांचा पाऊस पडला. सगळ्यांना उभं करा. मॉनिटरला विचारा. गोष्ट सांगा. मग गुरुजींचं उत्तर आलं, स्वतःच्या नावानं: ‘वर्ग गप्प बसतो तो आपल्याला भिऊन. फळा सोडावा आणि पोरांच्यात जाऊन बाकावर बसावे. जरा वेळाने बोलतात.’

पुढच्या परिषदेला साहेब आले आणि व्यासपीठावर चढलेच नाहीत. बाकांच्या रांगेतून चालत आमच्यापर्यंत आले. गुरुजी सरकले. साहेब माझ्या शेजारी बसले. त्यांचे गुडघे बाकात मावत नव्हते.

“सुरू करा,” ते म्हणाले.

कुणाला काय सुरू करायचं ते कळेना. मग पोतनीस मॅडम उठल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “मी वर्गात गेले की मुलं हसायची थांबतात,” त्या म्हणाल्या. “मी काय करू?”

एकानंही टाळी वाजवली नाही. मागच्या बाकावरून लवटे सर उठले, आणि त्यांच्यापाठोपाठ आणखी दोघं-तिघं.

साहेब समोर बघत ऐकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “शेंडगे बाई, तुमच्या शेऱ्याबद्दल बोलायचं होतं.”

“हो, साहेब.”

“कमळ झालं का?”

नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

“झालं, साहेब,” मी म्हणाले. “आता जोडाक्षरांशी अडलंय. मला काही सुचत नाही.”

“हं. मग ते आज इथंच विचारा.” साहेबांनी पायाजवळच्या पिशवीत हात घातला. “शेरा मी कालच पाठवला. चांगला आहे.” त्यांनी शालीची घडी काढली आणि खिळ्याला अडकवलेल्या माझ्या पर्समध्ये, डब्याच्या शेजारी, नीट खोचली.

“डब्याभोवती गुंडाळत जा,” ते म्हणाले. “पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येतो.”